मदत हवी आहे : कासाब्लांका ते ट्युनिस गाडीने (तातडीचं)

रानवाट : जाणकारांनी कृपया लवकर सांगा, परवा तिकिटं काढायची आहेत. मित्रमंडळींचा बेत असा : मोरोक्कोत कासाब्लांका, रबात, मेकनेस, फेस, मग ट्युनिसियात कैरुआन, ट्युनिस. भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवत. चार ठिकाणी विचारलं, कासाब्लांकात घेतलेली गाडी ट्युनिसला सोडायला कुणीच तयार नाही. अशी गाडी कोण देतं? दोन वर्षं पैसे साठवलेत, त्यामुळे 'बेत बदला' हे उत्तर नको.

पाटीपेन्सिल : किती जण? किती दिवस? महिना कोणता? चालवणार कोण?

रानवाट : सहा जण, १२ दिवस. बाकीचं ठरेल, आधी गाडीचं सांगा.

सीमापार : फेस आणि कैरुआनच्या मध्ये अख्खा अल्जीरिया येतो. तो तुम्ही लिहिलाच नाहीत.

रानवाट : तिथे थांबायचं नाही, नुसता पार करायचाय. म्हणून नाही लिहिला.

सीमापार : तिथेच सगळं अडलंय. मोरोक्को आणि अल्जीरियामधली जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. २०२१ मध्ये तर अल्जीरियाने राजनैतिक संबंधही तोडले. व्हिसा असला तरी सीमेजवळच्या उज्दा शहराच्या पुढे गाडी जाणार नाही. मोरोक्कोत एक गाडी, मग कासाब्लांकाहून विमानाने ट्युनिस, तिथे दुसरी गाडी. एवढाच मार्ग आहे.

रुळावरून : मुळात गाडी हवीच कशाला? कासाब्लांका, रबात, मेकनेस, फेस ही सगळी शहरं रेल्वेने जोडलेली आहेत. फेसच्या मदिनात, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, गाडी शिरतच नाही, सामान हातगाडीवर किंवा खेचरावर जातं. म्हणजे गाडी वेशीबाहेर उभी आणि तुम्ही रोज पार्किंगचे पैसे भरताय. आम्ही दोघं रेल्वेने फिरलो, कुठेही अडलं नाही.

सीमापार : दोघांचं ठीक आहे हो. सहा जणांना मेकनेसहून वोलुबिलिसचे रोमन अवशेष बघायला जायचं तर रेल्वे नाही, टॅक्सीच शोधावी लागते. गाडी असली की ३० किलोमीटर सकाळी जाऊन, उन्हं चढायच्या आत परत. शिवाय अ‍ॅटलास पर्वत ओलांडून माराकेशहून वारझाझातला जाणार असाल तर गाडीच हवी.

रुळावरून : ते त्यांच्या यादीत नाहीच. जे विचारलंय त्याचं बोला.

खमंग : शाकाहारी असाल तर फेसमध्ये सकाळी बिसारा नक्की घ्या. सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. थंडीत दुसरं काही नको वाटतं. ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) भाज्यांचं म्हणाले तरी आत मांसाचा रस्सा आहे का ते विचारून घ्या. हरीरा नावाच्या सूपाचंही तेच.

रानवाट : खमंग, धन्यवाद, पण खाण्याचं नंतर. ट्युनिसिया सोडता येणार नाही. आमच्यातला एक जण इतिहास शिकवतो, त्याला रोमन अवशेष बघायचेत. तिथल्या एल जेमच्या रंगमंडलासाठीच (गोलाकार उघडं प्रेक्षागृह) तर सगळं चाललंय.

दगडमाती : रोमनच हवं तर वोलुबिलिस आहे की. घरांच्या जमिनीवरचे मोझेक जागच्या जागी बघायला मिळतात, रोमन सम्राट काराकालाची कमान उभी आहे. एका देशात नीट १२ दिवस काढा.

सीमापार : वोलुबिलिस सुंदरच आहे, पण एल जेमच्या रंगमंडलाची सर त्याला नाही. तिसऱ्या शतकातली ती भिंत लहानशा गावाच्या डोक्यावर उभी आहे. शिक्षक मित्राला ते चुकवू नका. शिवाय मोरोक्कोत बिगरमुस्लिमांना बहुतेक मशिदींत प्रवेश नाही, कैरुआनला मोठ्या मशिदीच्या अंगणात तरी जाता येतं.

दगडमाती : फेसमध्ये मदरसे बघता येतात, बू इनानिया चुकवू नका. अवांतर, पण राहवत नाही : तो बांधणारा सुलतान अबू इनान, त्याच्याच सांगण्यावरून चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने फेसमध्ये आपला प्रवास लिहवून घेतला. टँजिअरचा हा माणूस आपल्या दौलताबादला येऊन गेलेला. देवगिरीच्या पायथ्याशी वाढलेल्या मला त्या मदरशात उभं राहून गावाची आठवण आली होती.

पाटीपेन्सिल : महिना अजून कळला नाही.

रानवाट : फेब्रुवारीचा शेवट.

पाटीपेन्सिल : सध्या रमझान फेब्रुवारी-मार्चमध्येच येतो, तारखा बघा. दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात, आणि सूर्यास्ताच्या आधी सगळ्यांना घर गाठायचं असतं, तेव्हा रस्त्यावर नवख्याने असू नये. माराकेशकडून जाणार असाल तर तिझी न तिश्का घाट २,२६० मीटरवर आहे, बर्फाने कधी कधी बंद होतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची. आणि चालवणार कोण?

रानवाट : चालवणारा एकच, मी. बरं, ठरलं : मोरोक्को सात दिवस, विमान, ट्युनिसिया पाच दिवस. कासाब्लांकात सात आसनी गाडी मिळेल ना?

सीमापार : मिळते, पण आधीच नोंदवा. ठेव क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि कार्ड चालकाच्याच नावाचं मागतात. उरलेले दिरहाम (मोरोक्कोचं चलन) निघताना बदलून टाका, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त देशाबाहेर नेता येत नाहीत.

पाटीपेन्सिल : बारा दिवस एकट्याने चालवणार? आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय का? आणखी एकाचाही काढा.

रानवाट : तो वेगळा लागतो? उद्या सकाळीच आरटीओत जातो. कागदपत्रं काय न्यायची?