आश्रय मागणाऱ्या मातांचे शिक्षण : मुलाखतीत काय विचारावे?

प्रश्न

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये एम.ए. करते. ब्रिटनमध्ये आश्रय मागून निर्णयाची वाट पाहणाऱ्या मातांचे शिक्षण आणि त्यांचे मनःस्वास्थ्य हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. मनःस्वास्थ्य मोजणारी चौदा विधानांची वॉरिक-एडिंबरा मापनपट्टी भरून घ्यायची आणि मग तासभर मुलाखत, असे ठरवले होते. परंतु इंग्रजीच्या वर्गात महिनाभर मदतनीस म्हणून बसल्यावर ते पटेनासे झाले आहे. एक बाई संपूर्ण वर्गभर कोट अंगातच ठेवून दाराशेजारच्या खुर्चीवर बसतात, कारण मुलाच्या शाळेतून फोन आला तर लगेच निघता यावे. त्यांना नेमके काय विचारावे?

उत्तर १

मी अशा वर्गांना बरीच वर्षे शिकवते आहे. आधी व्यवस्था समजून घ्या. इंग्लंडमध्ये अर्ज करून 6 महिने उलटल्याखेरीज आश्रयार्थीला सरकारी अनुदानित इंग्रजी वर्गात सहसा जागा मिळत नाही, आणि कामाची परवानगी तर 12 महिने थांबल्यावरच मागता येते. मुलाला मात्र शाळेत लगेच प्रवेश मिळतो. त्यामुळे पुष्कळदा घरात इंग्रजी आधी मुलाला येते, आणि आईला शाळेची चिठ्ठी त्याच्याकडून वाचून घ्यावी लागते. या उलट्या क्रमाचा मनावर होणारा परिणाम, माझ्या मते, तुमच्या विषयाचा गाभा आहे. दुसरी अडचण पाळणाघराची. तीन-चार वर्षांच्या मुलांना वर्षातील 38 आठवडे, दर आठवड्याला 15 तास मोफत मिळतात. तान्हे बाळ असेल, तर आईचे शिकणे तिथेच अडते. म्हणून ‘वर्गाला का येत नाही?’ असे न विचारता ‘त्या वेळी बाळ कोणाजवळ असते?’ असे विचारावे.

उत्तर २

मापनपट्टीबद्दल थोडे सांगतो. तिचे पहिलेच विधान भविष्याविषयी आशावादी वाटण्याचे आहे आणि उत्तर मागील दोन आठवड्यांपुरते द्यायचे असते. निर्णयाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या बाईने तिथे दिलेला आकडा तिच्या मनाचा आहे की होम ऑफिसच्या, म्हणजे आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या ब्रिटनच्या गृहखात्याच्या, संथपणाचा, हे पट्टी सांगत नाही. तरीही ती टाकून देऊ नका. तिच्या निमित्ताने बोलणे सुरू होते. देश का सोडला, हे मात्र विचारूच नका. ती हकीकत त्यांनी सरकारी मुलाखतीत तपशीलवार सांगितलेली असते, आणि तुमचे टिपणवहीतले प्रश्नही त्यांना तशाच चौकशीचे वाटू शकतात. तुमचा होम ऑफिसशी संबंध नाही आणि नकार दिल्यास अर्जावर काही परिणाम होणार नाही, हे संमतीपत्रावर लिहिण्याआधी तोंडी सांगा.

उत्तर ३

दुभाषी निवडताना आधी त्या बाईंना विचारा. त्यांच्याच समाजातला, ओळखीतला पुरुष पुष्कळदा चालत नाही. आणि मुलाला तर दुभाषी कधीही करू नका. बसभाडे त्याच दिवशी हातात द्या. स्वतः स्वयंपाक करता येईल अशा निवासात राहणाऱ्यांना सरकारकडून आठवड्याला माणशी 49.18 पौंड मिळतात. त्यातून आधी खर्च करून नंतर पावती देणे त्यांना जड जाते.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. पहिला प्रश्न आता शाळेच्या चिठ्ठीचा ठेवते. भेटीही शाळेजवळच, मुले सुटण्याच्या तासभर आधी ठेवीन, म्हणजे त्या बाईंना कोट काढून बसता येईल.