मदत हवी आहे: न्यूयॉर्कमध्ये कागद नसलेल्या मावशींना डॉक्टर कसा मिळवून द्यायचा?

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्कमध्ये दवाखान्यात किंवा सोशल वर्कमध्ये काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

जॅक्सन हाइट्सला आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. वय ५६, मूळच्या सांगलीकडच्या. एका कुटुंबानं सुनेच्या बाळंतपणात मदतीला म्हणून व्हिजिटर व्हिसावर त्यांना इकडे आणलं. बाळ शाळेत जायला लागलं तसं मावशींचं काम संपलं. व्हिसा तर केव्हाच संपला होता. आता एका बेसमेंटमधल्या खोलीत राहून पाच-सहा घरांना पोळ्या-भाजीचा डबा देतात. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हातचं खाऊन वाढली आहेत.

मावशींना शुगर आहे. गोळ्या गावाकडून कुणी येणार असेल त्याच्या बॅगेतून येतात. गेल्या महिन्यात डबा घ्यायला गेले तर पोळपाटाशेजारी स्टीलच्या झाकणावर पांढरा चुरा दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत कुणी येणार नाही, म्हणून सुरीनं अर्धी करून घेते." दोन आठवड्यांनी चक्कर येऊन पडल्या. शेजाऱ्यानं अँब्युलन्स बोलावली आणि एका खासगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं.

तिथे फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिला होता. मावशींना हिंदी जेमतेम येतं. त्या सांगत होत्या, पायाला मुंग्या येतात. मी पोचले तेव्हा नर्स त्यांच्या पोटऱ्यांवर कीटक चावल्याच्या खुणा शोधत होती! शुगरच्या माणसानं पायाला मुंग्या येतात म्हणणं किती महत्त्वाचं आहे हे इथल्या डॉक्टरमंडळींना सांगायला नको. ते तिथे कुणापर्यंत पोचलंच नाही. सलाईन लावलं, शुगर खाली आणली आणि "आपल्या डॉक्टरांना दाखवा" असं लिहून घरी पाठवलं. डॉक्टर असता तर गोळ्या अर्ध्या कशाला केल्या असत्या? वर २८०० डॉलरचं बिल आलंय. ते त्यांनी देवघरात, फोटोच्या मागे ठेवलंय.

मला विचारायचंय ते असं. कागद नसलेल्या माणसाला या शहरात नेहमीचा डॉक्टर मिळतो का? नाव-पत्ता दिला तर तो इमिग्रेशनकडे जातो का? मावशी याच भीतीनं अडून बसल्या आहेत. आणि मराठी दुभाषी मागता येतो का?

प्रतिसाद: क्वीन्सकर

एल्महर्स्ट हॉस्पिटलला न्या. सरकारी आहे, तुमच्यापासून चालत जाता येईल. परत इमर्जन्सीची वाट बघू नका.

प्रतिसाद: अनुराधा_एनवाय

मी शहराच्या सरकारी हॉस्पिटलांसाठी दुभाषी म्हणून काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टर नक्की मिळतो. 'एनवायसी केअर' नावाची शहराची योजना २०१९ साली ब्रॉन्क्समध्ये सुरू झाली आणि पुढे शहराच्या पाचही बरोंमध्ये (विभागांमध्ये) आली. ज्यांना विमा मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही त्यांच्यासाठीच ती आहे. हा विमा नव्हे. ही योजना शहराची सरकारी हॉस्पिटलं आणि त्यांच्या क्लिनिकपुरतीच चालते. पण मावशींना कार्ड मिळेल, एक ठरलेला डॉक्टर मिळेल, औषधं स्वस्तात मिळतील आणि पैसे उत्पन्न व घरातली माणसं बघून लावतील. हप्ता नाही. फोन ६४६-६९२-२२७३. ओळख आणि पत्ता दाखवावा लागतो. पासपोर्ट न्या. बेसमेंटवाल्यांकडे स्वतःच्या नावाचं लाइट-गॅसचं बिल नसतंच, म्हणून घरमालकाची सहीची चिठ्ठी आजच मागून ठेवा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

भीतीबद्दल खरं तेच सांगते. केंद्राच्या १९८६ च्या कायद्यानं इमर्जन्सीत कुणालाही तपासून स्थिर करावंच लागतं, कागद असोत नसोत. मावशींवर तिथे झालं तेवढं याच कायद्यामुळे झालं. पुढच्या उपचारांना तो कायदा लागू होत नाही. एनवायसी केअर शहराची आहे, केंद्राची नाही. पण नाव नोंदवताना आधी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) बसतं का हे तपासतात आणि इमर्जन्सी मेडिकेडचा अर्ज पुढे येऊ शकतो. मेडिकेडमध्ये केंद्राचा हात आहे. २०२५ साली मेडिकेडची माहिती गृहसुरक्षा खात्याला (इमिग्रेशन त्याच्याच हाताखाली येतं) दिली गेली आणि त्यावरून बरीच राज्यं कोर्टात गेली. म्हणून तिथल्या फायनान्शियल काउन्सेलरला सही करण्याआधी सरळ विचारा, "हा अर्ज कशाचा आहे? माहिती कुठे जाते?" विचारल्यावर ते नीट सांगतात. मावशींना "काही होणार नाही, चला" असं म्हणून नेऊ नका. त्यांचं नाव आहे, ठरवूही त्यांनाच द्या.

दुभाषी फुकट मिळतो, तो हक्क आहे. फक्त भाषेचं नाव ठासून सांगावं लागतं. भारतीय चेहरा दिसला की हिंदीचं बटण दाबतात. एका कागदावर इंग्रजीत 'मराठी' लिहून मावशींच्या पर्समध्ये ठेवा. आणि पायाचं सगळ्यात आधी सांगा. जोडे-मोजे काढून पाय दाखवा. मी किती बायका पाहिल्यात, शेवटच्या मिनिटाला दाराशी उठताना पायाचं बोलतात.

प्रतिसाद: जर्सीचा काका

बिलाचं बघा. न्यूयॉर्क राज्यात हॉस्पिटलांना आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते, खासगी असलं तरी. बिल आल्यावरही अर्ज करता येतो. कागद नाहीत म्हणून नाकारता येत नाही. बिलिंग ऑफिसला फोन करून 'फायनान्शियल असिस्टन्स'चा फॉर्म मागा. त्याचा निकाल लागेपर्यंत क्रेडिट कार्डावर एक डॉलरही भरू नका. आणि देवघरातून ते बिल काढा हो, तारीख बघायला लागेल.

धागाकर्ती

अनुराधाताई, काका, खूप आभार. काल रात्री तुमचे प्रतिसाद मावशींना वाचून दाखवले. मेडिकेडचं मी गाळणार होते, घाबरतील म्हणून. ताईंनी लिहिलंय म्हणून वाचलं. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे आधीच कुणी सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी घरमालकाकडून चिठ्ठी स्वतः जाऊन आणली. बिलाचा फॉर्म मागवलाय.

एनवायसी केअरला फोन केला. मराठी हवंय म्हटल्यावर बाईंनी थोडा वेळ थांबायला लावलं, पण मराठी बोलणारी व्यक्ती लाइनवर आली. मावशींनी स्वतः बोलून वेळ घेतली, पुढच्या गुरुवारी सकाळी ९ वाजताची. "पायाला मुंग्या येतात" हे त्यांनी दोनदा सांगितलं.

त्या विचारतायत, पहिल्याच दिवशी रक्त घेतात का, उपाशीपोटी जायचं का? आत्ता त्या गोळ्या अर्ध्याच घेतायत आणि सकाळी काही खाल्लं नाही तर त्यांना गरगरतं, म्हणून विचारते. ताई, जमलं तर आजच सांगाल का?