केमो म्हणजे नेमकं कुठलं औषध? बेळगाव-सीमाभागातल्या घरांचे अनुभव

बेळगावात माझं औषधांचं दुकान आहे. कॅन्सरच्या गोळ्या, वांतीची, तोंड आल्याची, जुलाबाची औषधं न्यायला खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं येतात. "पेशंटला काय चालू आहे?" विचारलं की उत्तर येतं, "केमो." पुढे काही नाही. पण कॅन्सरची औषधं शंभराच्या वर आहेत. एकानं केस जातात, दुसऱ्यानं जात नाहीत. एकानं जुलाब होतात, दुसऱ्यानं पोट गच्च होतं. नाव माहीत असेल तर पुढे काय येणार हे आधी विचारता येतं. म्हणून विनंती आहे, घरात जे घडलं ते लिहा, पण औषधाचं नाव घालून लिहा. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव नको. डोस तर कुणी कुणाला सांगूच नये.

शहापूरची सून

सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, नंतर पॅक्लिटॅक्सेल. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. पहिला डोस घेऊन घरी आल्या आणि लघवी लाल झाली. रक्त जातंय असं वाटून त्या रडायलाच लागल्या. तो औषधाचाच रंग, एक-दोन दिवसांत जातो. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. सासूबाईंना कन्नड बाजारापुरतं येतं. शेजारच्या आक्कांनी तो कागद वाचून मराठीत सांगितला, तो मी वहीत उतरवून भिंतीला चिकटवला.

त्यातली एक ओळ कामाला आली. दुसऱ्या आठवड्यात त्या चांगल्या दिसत होत्या, भाकरी खात होत्या, आणि एका संध्याकाळी थंडी वाजून आली. ताप १०१. दीर म्हणाले, क्रोसीन देऊन सकाळी बघू. कागदावर १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी या, असं होतं. आम्ही रात्रीच रिक्षा केली. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. पुढच्या सायकलपासून, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीपासून, पेशी वाढवायचं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन देत. त्यानं कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकायची, पण ताप परत आला नाही.

औषधवाले (धागाकर्ते)

या अनुभवातला दुसरा आठवडा लक्षात ठेवा. केमोची जुनी औषधं कॅन्सर ओळखत नाहीत. ती विभागणाऱ्या पेशीला गाठतात. कुणी डीएनएच बिघडवतं, कुणी पेशी दोन होताना लागणारे धागे अडकवून ठेवतं (पॅक्लिटॅक्सेलचं काम हे). अंगात सतत विभागणाऱ्या आणखी पेशी म्हणजे केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांमधला मगज. त्रास तिथंच होतो. रक्तातल्या तयार पांढऱ्या पेशी थोडे दिवस टिकतात, नव्या येत नाहीत, म्हणून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट सगळ्यात खाली जातो. माणूस बरा दिसत असतो आणि तेव्हाच जपायचं असतं. क्रोसीननं ताप झाकला जातो, आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. हे मी दुकानात रोज सांगतो आणि सांगत राहणार.

निपाणीचा

आमच्याकडे तंबाखू घरोघरी. अप्पांना जिभेचा कॅन्सर, रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन. हे किडनीला लागतं म्हणून आधी आणि नंतर सलाईन चढवतात, अख्खा दिवस जातो. वांती त्याच दिवशी होईल असं आम्हाला वाटलेलं. खरी वांती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाली. त्या दिवसांच्या गोळ्या वेगळ्या लिहून दिलेल्या असतात. वांती नाही म्हणून त्या बंद करू नयेत. नंतर कानात शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा तपासणी करून औषध बदललं.

कणकुंबीकडचा

बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, इरिनोटेकन दिलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, गाव कुठलं? सांगितलं तर म्हणाले, हे औषध ज्यापासून बनतं ते तुमच्या घाटातल्या झाडात असतं. नरक्या! आमच्या रानात घाणेऱ्या वासाचं म्हणून कुणी त्याला हात लावायचं नाही, नंतर मात्र व्यापाऱ्यांसाठी चोरून तोड होऊ लागली. त्यातल्या द्रव्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. १९६६ साली ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं, आणि १९७२ मध्ये आपल्या नरक्यातही सापडलं. डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम पेशीत असतं, ते हे द्रव्य अडकवतं; मग डीएनए तुटतो आणि पेशी मरते. बाबा गप्प ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ज्या झाडाला आम्ही नाक मुरडलं तेच आता शिरेत चाललंय."

त्रास जुलाबांचा. दोन प्रकारचे. औषध चालू असतानाच घाम, लाळ, पोटात कळ आणि जुलाब आले तर तिथंच अॅट्रोपिन देतात. दुसरे घरी आल्यावर, काही दिवसांनी, आणि ते जास्त वाईट. जुलाब थांबवायचं लोपेरामाइड कधी आणि किती घ्यायचं हे आधी लिहून घेतलं होतं, गोळ्या पिशवीत होत्या. आमच्या गावातून रात्री दवाखाना गाठणं म्हणजे पावसाळ्यात काय असतं ते घाटाखालच्यांना कळेल. आई आंबील, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट देत राहिली.

नरक्याची साल उकळून पिऊ का, असं गावात दोघांनी विचारलं. नाही. झाडातलं द्रव्य विषारी आहे, त्यावर प्रक्रिया करून, मोजून, रक्त तपासून देतात.

वडगावची आई

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या लेकाला रक्ताचा कॅन्सर होता, त्याला व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून. आमच्या दारात कुंडीभर सदाफुली, म्हणून शेजारणीनं पानांचा रस द्यायला सांगितलं. ती जीव लावणारी बाई आहे, तिला दुखवलं नाही, पण रस दिला नाही. या औषधानं केस गेले त्यापेक्षा पोट गच्च झालं त्याचा त्रास मोठा, कारण ते नसांना लागतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. पायाचा पंजा उचलेना, पाय ओढत चालायचा. डॉक्टरांना लगेच दाखवलं, व्यायाम दिले. आता शाळेत जातो, पळतोसुद्धा.

चिकोडी

दादाला सीएमएल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, त्यावर इमॅटिनिबची गोळी. केस शाबूत, ऊसतोडीला जातोय. सकाळी डोळ्यांभोवती सूज, रात्री पोटऱ्यात गोळे. जेवणाबरोबर मोठा पेला पाणी घेऊन गोळी. बरं वाटतंय तर गोळी कशाला, म्हणत होता. डॉक्टरांनी पीसीआरचा (रक्तात रोग किती उरलाय ते सांगणारी तपासणी) आकडा दाखवला तेव्हा पटलं.

औषधवाले

ही गोळी वेगळ्या जातीची. सीएमएलमध्ये दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक चुकीचं प्रथिन तयार होतं, ते पेशीला सारखं वाढ म्हणून सांगतं. इमॅटिनिब त्या प्रथिनालाच बंद करतं. स्विच दाबून ठेवल्यासारखं. हात काढला की दिवा परत लागतो. बरं वाटतं ते गोळीमुळे, म्हणून स्वतःहून बंद करू नये.

हलग्याची लेक

आईला उद्यापासून कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू. घरीच घ्यायच्या आहेत. काय बघू? तिला हृदयासाठी रक्त पातळ करायचीही गोळी आहे.

औषधवाले

ताई, जेवण झाल्यावर अर्ध्या तासात, सकाळ-संध्याकाळ, पाण्याबरोबर. गोळी फोडू नका. तळहात-तळपाय लाल होऊन झोंबायला लागले तर कळवा, साल निघेपर्यंत थांबू नका. सध्या कोमट पाण्यानं भांडी, पायाला मऊ चप्पल, आणि तेल किंवा क्रीम लावत राहा. दिवसातून नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले तरी फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी वॉरफेरिन असेल तर दोन्ही एकत्र घेतल्यानं रक्तस्राव वाढू शकतो. पट्टीवरचं नाव बघा आणि उद्याची पहिली गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना ते वाचून दाखवा.