मदत हवी आहे: मुलीसाठी अडीच लाखांची एअर रायफल घ्यावी, की आहे त्याच रायफलवर सराव वाढवावा?

नमस्कार मंडळी. राहणार बेळगाव, अनगोळ. मुलगी नववीत आहे, दोन वर्षं १० मीटर एअर रायफल मारते. रायफल जुनी, क्लबमधल्या एका मुलाकडून घेतलेली, पण स्पर्धेच्या दर्जाचीच. ६० शॉटला (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ६५४ पैकी ५८० ते ५८८ होतात. गेले आठ महिने काटा तिथंच अडकलाय. सर म्हणतात, रायफल बदला, दहा-पंधरा पॉइंट आपोआप वाढतील. नवी म्हणजे अडीच लाख. एफडी मोडायलाही हरकत नाही, पण तो ‘आपोआप’ मला पचेना.

मी हिशेब करून बघितला. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीचा, मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला तर १०.०, पुढं दर पाव मिलिमीटरला ०.१ जातो. तिची सरासरी ९.७ म्हणजे पेलेट साधारण तीन मिलिमीटर लांब पडतोय. हे तीन मिलिमीटर रायफलचे की हाताचे, हे कसं ओळखायचं?

आधी स्वस्तातला उपाय केला. पेलेट वजनानं निवडून मारावेत, असं वाचलं होतं. मेहुण्याची शहापुरात सोनारकी. एका रविवारी दुकान बंद असताना त्याच्या काट्यावर ५०० पेलेटचा अख्खा डबा एकेक करून तोलला. चिमट्यानं ठेवायचा, काचेचं दार लावायचं, आकडा थांबेपर्यंत श्वास सोडायचा नाही. बहुतेक ०.५३ ग्रॅमच्या आसपास, फरक दोन-तीन मिलिग्रॅमचा. चार वाट्यांत चार ढीग. मेहुणा म्हणाला, “दाजी, सोनं असतं तर एवढी मजुरी परवडली असती.” आठवडाभर तेच पेलेट मारले. स्कोअर ५८४.

उलट मे महिन्यात रेंज तीन आठवडे बंद होती. घर जुनं आहे, सोप्यापासून परसदारापर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. भिंतीवर काळा ठिपका चिकटवून ती रोज ४० मिनिटं नुसती होल्डिंग (रायफल नेमावर स्थिर धरणं) आणि ड्राय (पेलेट न घालता ट्रिगर दाबणं) करायची. पेलेट एकही नाही. रेंज उघडली त्या दिवशी ५९१! नंतर परीक्षा आली, ड्राय सुटलं, परत ५८३.

मेहुणा पॅरिस ऑलिंपिकमधल्या तुर्की नेमबाज युसूफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो दाखवून म्हणतो, सामान लागतच नाही. तेही खरं नाही. तो पिस्तूलवाला, रायफलवाले घालतात तसलं जाड, ताठ जॅकेट पिस्तुलाला नसतंच, आणि त्याच्या हातातलं पिस्तूल काही जत्रेतलं नव्हतं.

ज्यांची मुलं खेळतात त्यांनी सांगा, कितीच्या पुढं स्कोअर गेल्यावर रायफल खरोखर आडवी येते?

प्रतिसाद (निपाणीहून)

दादा, रायफल बांधून बघितली का? सुताराच्या वाइसमध्ये गोणपाट गुंडाळून घट्ट धरा, बॅरलला नको, बॉडीला. दहा पेलेट मारा. एकाच भोकात बसले तर रायफलला नावं ठेवू नका. मग डबे बदलून तेच करा. वजनापेक्षा पेलेटच्या डोक्याचं माप, ४.४९ की ४.५० मिलिमीटर, कुठल्या बॅरलला मानवतं ते असंच कळतं. रायफलच्या हवेच्या सिलेंडरवरची तारीखही बघा, दहा वर्षं उलटली असली तर तो बदलायचा.

आणि एक विचारतो, जॅकेट कधी घेतलंय? या वयात पोरी वर्षात वीतभर वाढतात.

धागाकर्ता

उशिरा लिहितोय, माफ करा. वडगावातल्या एका सुताराकडं वाइस मिळाला, तो उचलून रेंजवर नेला. दहाही पेलेट एकाच भोकात, भोक शेंगदाण्याएवढं. सिलेंडरला अजून तीन वर्षं आहेत.

जॅकेट मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. दीड वर्षापूर्वीचं, बाह्या मनगटाच्या वर गेल्यात. कोपर कमरेवर टेकवायला गेली की पाठीत चुणी पडते आणि खांदा वर ओढला जातो. इतके दिवस मी तिला “खांदा सोड” म्हणून ओरडत होतो. बट प्लेटही (रायफलची खांद्याला टेकणारी पट्टी) जुन्याच मापावर होती, ती दोन खाचा मागं घेतली.

एफडी तूर्त तशीच. सर थोडे नाराज आहेत. आता सांगा, कोल्हापूरकडं रायफलचं जॅकेट अंगावर माप घेऊन शिवणारं कुणी आहे का? शनिवारी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन येता येईल.