सोमवारी पहिली केमो आहे, चार वर्षांच्या मुलीला सांगायचं का?

दोन पिल्लांची आई:
वय ३३. धाकटा १० महिन्यांचा, अंगावर पिणारा. त्यामुळे डाव्या छातीतली गाठ दुधाचीच असणार असं सगळ्यांनी धरलं, मीसुद्धा. दोन महिने त्यात गेले. बायॉप्सीत कॅन्सर निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. परवापासून पाजणं बंद केलं. थोरली चार वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, लहान जीव आहे, तिला काही कळू देऊ नकोस. माझी आई राहायला आलीये, पण मला बघितलं की तिलाच रडू येतं. काय करू?

सात वर्षं झाली:
सांगा, आणि केस जायच्या आधी सांगा. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. आम्ही लपवलं, 'आई दमलीये' एवढंच म्हणत राहिलो. पहिल्या केमोनंतर सतराव्या दिवशी उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले, म्हणून नवऱ्याने बाथरूममध्ये मशीन फिरवलं. मुलाने दार ढकललं, मला बघितलं आणि पळाला. दोन दिवस जवळ आला नाही. तिसऱ्या रात्री त्याने आजीला विचारलं, "मी आईचे केस ओढायचो म्हणून गेले का?"

सासूबाईंनी मला झोपेतून उठवलं. त्याच रात्री त्याला आजाराचं नाव सांगितलं. तुझ्यामुळे झालेला नाही, कुशीत झोपल्याने तुला होणार नाही, केस औषधाने गेलेत आणि ते परत येतील. "तू बरी होशील ना?" यावर मला नुसतं 'हो' म्हणवेना. डॉक्टर खूप चांगलं औषध देतायत, असं मी म्हणाले. त्याचा पुढचा प्रश्न होता, उद्या शाळेतून आणायला कोण येणार?

आईंना काम द्या. रिकाम्या बसल्या की रडणं जास्त येतं. माझ्या सासूबाईंकडे थर्मामीटर होता. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. रात्री दोन वाजता ताप १००.४ झाला. मी म्हणत होते सकाळी बघू, त्यांनी ऐकलं नाही आणि आम्ही निघालो. तसा ताप आला तर घरी गोळी घेऊन थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. त्या रात्रीचं त्यांचं ऋण आहे माझ्यावर.

एक नवरा:
ताई, सोमवारच्या आत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. पुढे आणखी मूल हवं असेल तर स्त्रीबीजं गोठवायचं केमोच्या आधीच बघावं लागतं. आणि एवढ्या कमी वयात बीआरसीए जनुकांची (घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरशी संबंधित) तपासणी करायला सांगतात, ऑपरेशन किती करायचं हे त्यावरही ठरतं. आमच्या घाईत पहिली गोष्ट विचारायचीच राहिली. बायको अजून त्याबद्दल बोलत नाही.
लाल रंगाची केमो असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, घाबरू नका.

दोन पिल्लांची आई:
काल रात्री सांगितलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, मध्ये काही बोलल्या नाहीत. तिने विचारलं, "बाळाला माहितीये?" नाही म्हटल्यावर पाळण्यापाशी जाऊन त्याला सगळं सांगून आली. तपासणीचं उद्याच विचारते. स्त्रीबीजांचं माझ्या डोक्यातच नव्हतं. पाजणं बंद केल्यापासून छाती दगडासारखी झालीये, रात्री तो रडला की आपोआप दूध येतं. थोडं थोडं काढलं तर चालतं का?