मदत हवी आहे: १६:८ उपासात (१६ तास उपास, ८ तासांत खाणं) कोऱ्या चहाला गोडी कशाची?

रात्री ८ ते दुपारी १२ फक्त पाणी आणि कोरा चहा. गूळ बाद, आपला कोल्हापुरी असला तरी १० ग्रॅमला जवळपास ३८ कॅलरी! स्टीव्हियाच्या (गोड पानांच्या झाडापासूनचा साखरेचा पर्याय) बऱ्याच पुड्यांत मागचं बारीक अक्षर वाचलं की घटकांत पहिलं नाव डेक्स्ट्रोज नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखर-स्टार्चचा भरणा, म्हणून १ ग्रॅमच्या पुडीत ३-४ कॅलरी. एका कपाला ठीक, पाच कपांना नको वाटतं. एरिथ्रिटॉल या दुसऱ्या साखर-पर्यायाची गोडी साखरेच्या साधारण ७० टक्केच, वाढवलं की पोट गुडगुडतं. शुद्ध स्टीव्हिया अर्क साखरेच्या २००-३०० पट गोड. चिमूट जड पडली की चहा कडू. कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, राजारामपुरीत भरणा नसलेले स्टीव्हियाचे थेंब कुठं मिळतील? आणि १०० मिलीच्या कपाला किती घालता? सकाळी गोड प्यायल्यावर भूक जास्त खवळते का, तेही सांगा.