चालवायला खरोखर मजा येईल अशी जुनी पेट्रोल गाडी : पाच लाखांत काय घ्यावं?

पसरणी_चढ :
नमस्कार मंडळी. रोजच्या वापरासाठी घरात ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे अॅव्हरेज, बूट, मागची सीट यातलं काहीही महत्त्वाचं नाही. रविवारी सकाळी वाई-पाचगणी, कधी ताम्हिणी, वर्षातून दोनदा चोर्ला घाटातून गोवा, एवढ्यासाठीच दुसरी गाडी हवी आहे. अटी दोनच. मॅन्युअल गिअर आणि पेट्रोल. बजेट सगळं धरून पाच लाख. यादीत सध्या फोर्ड फिएस्टा १.६, जुनी होंडा सिटी व्हीटेक, फियाट लिनिआ टी-जेट आणि पोलो जीटी टीएसआय आहेत. (पोलो मॅन्युअल नाही हे माहीत आहे, पण सगळे एवढं कौतुक करतात म्हणून ठेवली.) तुम्ही लोकांनी चालवलेल्यांपैकी सगळ्यात मजेशीर कोणती, आणि घेताना कुठे पाय घसरतो?

दहा_एमएम :
आधी बीएचपीचे (इंजिनच्या ताकदीचे) आकडे बाजूला ठेवा. घाटात मजा कुठून येते तर हलकं वजन, रस्ता हातात कळवणारं स्टिअरिंग आणि वरच्या आरपीएमला न दमणारं इंजिन यांतून. या हिशेबाने तुमच्या यादीत फिएस्टा १.६ पहिली.

२००५ च्या शेवटी आलेली ही गाडी. १.६ ड्युराटेक इंजिन, १०१ पीएस ताकद, तीही ६,५०० आरपीएमला. म्हणजे ३,००० च्या खाली चालवून "हिच्यात पिकअप नाही" म्हणणाऱ्यांनी गाडी पाहिलेलीच नाही. दुसऱ्या गिअरला वळणात शिरायचं, मध्यापासून अॅक्सिलरेटर भरत न्यायचा, ४,५०० नंतर ती खरी जागी होते. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक पकड सोडायला लागलं की स्टिअरिंग हातात आधी हलकं लागतं आणि तेवढ्या इशाऱ्यावर पाय सैल करता येतो. २०११ ला नवीन फिएस्टा आली तेव्हा हीच जुनी गाडी 'फिएस्टा क्लासिक' नावाने चालू राहिली. तुम्हाला हवी आहे ती क्लासिक. नवीनवाली १.५ इंजिनची, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची. गाडी वाईट नाही, पण ही ती नव्हे.

आता सिटी व्हीटेक. २००० ते २००३ मधली, १.५ लिटर, १०६ पीएस, वजन फार थोडं. साधारण ५,५०० ला व्हॉल्व उघडणारा कॅम बदलतो (व्हीटेक म्हणतात ते हेच) आणि आवाजासकट गाडीचा स्वभाव पालटतो. निव्वळ इंजिनसाठी घ्यायची तर हीच घ्यावी, माझ्या मते फिएस्टाचं इंजिन हिच्यापुढे कारकून आहे. पण वय वीसच्या पुढे, आणि त्रास तिथून सुरू होतो. पाहायला जाल तेव्हा एवढं करा :

इंजिन तापवून बंद करा, दहा मिनिटं उन्हात राहू द्या, मग किल्ली 'ऑन' वर आणा. मागून फ्यूल पंपाचा दोन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज आला पाहिजे. गाडी थंड असताना येतो आणि तापल्यावर येत नसेल तर मेन रिलेच्या आतले सोल्डर तडकलेले असतात. डॅशबोर्डखालचा रिले काढून सांधे पुन्हा सोल्डर केले की काम होतं. मालक मात्र पंप बदलून थकलेला असतो, त्यामुळे भावात घासाघीस करायला ही जागा चांगली. पंप वाजतो, तरी गाडी तापल्यावर चालता चालता बंद पडते, असं असेल तर डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर बघा.

५,५०० नंतर काहीच होत नसेल तर "व्हीटेक गेलं" म्हणून हेड उघडायला निघू नका. आधी ऑईलची पातळी. मग हेडच्या बाजूला असलेला व्हीटेक सोलेनॉइड काढा, त्याच्या गॅसकेटलाच बारीक जाळी असते, ती काळ्या चिखलाने बुजलेली सापडेल. टॅपेट स्क्रूचे आहेत, व्हॉल्वची फट थंड इंजिनवर इनटेक ०.२० आणि एक्झॉस्ट ०.२५ मिमी. आणि गाडी रत्नागिरी, मालवण, गोवा अशा पट्ट्यातली असेल तर स्टेपनीचं कार्पेट उचला, मागच्या चाकांच्या कमानींच्या आत हात फिरवा. इंजिनचं काम करता येतं. सडलेल्या पत्र्यावर पैसे घालत बसू नका.

रांजणगाव_फाटा :
वरचं सगळं मान्य, पण टर्बोची मजा वेगळीच. लिनिआ टी-जेट : १.४ टर्बो, ११४ पीएस, २०७ एनएम टॉर्क (ओढ). शिवाय स्टिअरिंग हायड्रॉलिक आणि १२० ला रस्त्याला दाबून बसलेली बॉडी. मोठ्या वळणांच्या रस्त्यावर, समजा चिपळूण-कुंभार्ली किंवा आंबोली, ही फिएस्टापेक्षा सरस वाटते. पसरणीसारख्या चिंचोळ्या, हेअरपिनच्या घाटात मात्र वजन जाणवतं. २,००० च्या खाली टर्बो झोपलेला असतो, म्हणून हेअरपिनला तिसरा ठेवलात तर बाहेर पडताना गाडी विचार करत बसेल. दुसरा टाकायचाच.

काय बिघडतं : टर्बोकडून थ्रॉटलकडे जाणारे रबरी पाइप आणि त्यांचे क्लिप. वय झालं की पाइपला केसासारखी चीर पडते, जोर दिल्यावर फुस्स आवाज येतो आणि ओढ निम्मी होते. डायव्हर्टर व्हॉल्वचा पडदा फाटला तरी लक्षण तेच. दोन्ही स्वस्त कामं आहेत, पण गॅरेजवाला थेट टर्बोचंच नाव घेईल. महाग काम म्हणजे टर्बोला जोडलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकणं. थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक आवाज आणि तापल्यावर तो कमी होणं, ही त्याची खूण. म्हणून सौदा करायला जाताना "गाडी चालू करून ठेवू नका" असं आधीच फोनवर सांगा. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलायचे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर आयडल. टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑईल जागेवर जळून कोळसा होतं, ते टळतं.

बजेट थोडं ताणता आलं तर २०१५ ची पुंटो अबार्थ शोधा. लिनिआसारखीच हीसुद्धा फियाटच्या रांजणगाव कारखान्यातली. १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क, कंपनीचा ०-१०० चा दावा ८.८ सेकंद. एवढी ताकद पुढच्या चाकांना देताना स्टिअरिंग ओढ घेतं, पहिल्या-दुसऱ्या गिअरला चाकं फिरतात. सभ्य गाडी नाहीच ती. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी, त्यामुळे आपल्या गावोगावच्या स्वयंघोषित स्पीडब्रेकरांवर तिरकी घालायची सवय लागेल. आणि अबार्थचेच म्हणून जे वेगळे भाग आहेत त्यांची वाट बघावी लागते, हे धरून चाला.

काटकसर :
सगळे महागड्या दुखण्यांच्या गाड्या सुचवताहेत. २००५ नंतरची पहिली स्विफ्ट १.३ पेट्रोल घ्या. ८७ पीएस, वजन हजार किलोच्या आसपास, छोटा व्हीलबेस, गिअर पटापट पडतात. पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आणि मुकं आहे, ते खरं. पण चांगले टायर, नवीन शॉकअप आणि पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश एवढं केलं की वळणात ती जे करते त्यावर मागून येणाऱ्या सेडानवाल्याचा विश्वास बसत नाही. उरलेल्या पैशात वर्षभर पेट्रोल.

बलेनो आरएससुद्धा विसरू नका. ९५० किलो, १०२ पीएस, मागे डिस्क ब्रेक. २०१७ ते २०२० एवढीच विकली गेली. पाच लाखांत मिळाली तर नशीब.

आळंदी_बायपास :
पोलो जीटी टीएसआयबद्दल. १०५ पीएस, १७५ एनएम, चाकणची बांधणी, एक्स्प्रेसवेवर राजेशाही. पण त्यातला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय, म्हणजे ऑईलमध्ये न बुडालेल्या क्लचचा आहे आणि त्याला आपलं ट्रॅफिक मानवत नाही. मुंगीच्या पावलाने सरकत राहिलं की क्लच अर्धा धरलेला राहतो आणि तापतो. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर देतील, तुम्ही हट्टाने गर्दीत घाला. अर्धा तास गर्दीत चालल्यावर पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये धक्के, किंवा डिस्प्लेवर गिअरची खूण लुकलुकणं, किंवा फक्त विषम नाहीतर फक्त सम गिअर पडणं, यातलं काहीही दिसलं तर किल्ली परत द्या. गिअरबॉक्सचा मेंदू असलेलं मेकाट्रॉनिक युनिट खराब निघालं तर तुमच्या बजेटचा मोठा लचका जातो. शिवाय तुम्हाला मॅन्युअल हवी आहे. मग ही यादीत कशाला?

पसरणी_चढ :
सर्वांचे आभार. पोलो खोडली. सातारा पासिंगची २०१२ ची फिएस्टा क्लासिक १.६ सापडली आहे. ९४ हजार किमी, ऑईलच्या पावत्या आहेत, टायमिंग बेल्टची नोंद कुठेच नाही. लहान खड्ड्यावर पुढून टकटक येते. जागेवर स्टिअरिंग फिरवताना कुरकुर. ब्रेक मारला की किंचित डावीकडे जाते. एजंट म्हणतो "अलाइनमेंट केलं की झालं".

दहा_एमएम :
अलाइनमेंटने यातलं काहीही जाणार नाही. टकटक बहुतेक लिंक रॉडची. जागेवरची कुरकुर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगची. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर नक्कीच तेच. ब्रेकला ओढते ते डाव्या-उजव्या लोअर आर्मच्या बुशमुळे किंवा एका कॅलिपरची पिन अडकल्याने. गाडी दहा किमी चालवून दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, एक जास्त तापलेली असेल तर कॅलिपर, नाहीतर बुश. सगळं दोन्ही बाजूंचं एकदम बदला.

एक गोष्ट मेकॅनिकच्या उशाशी बसून करून घ्या : लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचे नाहीत. आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसवायची, मग शेवटचं आवळणं. लटकत्या अवस्थेत आवळले की गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. "कंपनीचा बुशसुद्धा टिकत नाही" या तक्रारींमागे बरेचदा हेच असतं. अलाइनमेंट या सगळ्यानंतर.

बेल्ट : नोंद नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरा. किमी कमी असले तरी रबराचं वय झालंय. तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. आणि हे काम कुणाकडेही देऊ नका, कारण या इंजिनच्या क्रँक पुलीला चावीच (तिला शाफ्टवर अडकवणारी खुंटी) नाही, ती केवळ बोल्टच्या आवळणीवर धरलेली असते. बोल्ट सैल केला की टायमिंग सुटलं. त्यामुळे मार्करने खुणा करून बेल्ट टाकणारा फिटर इथे फसतो. रॉकर कव्हर काढून दोन्ही कॅमच्या मागच्या खाचांत बसणारी पट्टी आणि ब्लॉकमधला प्लग काढून घालायची क्रँकची पिन, ही दोन हत्यारं ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच जा. ती पिन क्रँकला फक्त टेकायला असते, बोल्ट सोडवताना जोर पेलायला नाही. तिच्यावर जोर टाकला तर वाकते. पुली वेगळ्या हत्याराने धरायची. बोल्ट नवीन, टेन्शनर नवीन. झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पट्टी आणि पिन पुन्हा बसते का ते बघायचं, तोवर स्टार्टर नाही.

घाटरस्ता :
उतरण्याचा विचार कुणीच केला नाही म्हणून लिहितो. ब्रेक फ्लुइड पहिल्याच दिवशी पूर्ण बदला, डॉट ४ प्रतीचं घाला. ते हवेतलं पाणी शोषतं. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनांक किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. पसरणी उतरताना तिसऱ्यात राहून सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर कॅलिपरमध्ये वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ज्या गिअरने चढता त्यानेच उतरा. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत, एकदाच पण जोरात.

टायरची नक्षी बघून भुलू नका, बाजूचा चार आकडी शिक्का वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच कडक होतात. पेट्रोल आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे आणि या गाडीचे पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर सगळे बदला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या हवेचा ओलावा इथेनॉल ओढून घेतं.

कागद : २०१२ ची म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण, फिटनेस आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर. तो खर्च आजच्या भावातून वजा करायला लावा. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसली आहे का, आणि आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय का, हे इसार देण्याआधी बघा. एजंटचा अलाइनमेंटचा सल्ला किती खरा निघाला ते पाहिलंच, कागदांबाबतचा त्याचा शब्दही त्याच मापाने घ्या.